परतणे हाच गुन्हा

वर्धा जिल्हा आणि स्वातंत्र्यलढा म्हटले की सेवाग्राम, पवनार आणि जमनालाल बजाज ही नावे घेऊन आपण मोकळे होतो. त्याच वर्ध्यात, गांधीजी तिथे राहायला येण्याच्या पन्नास वर्षे आधी, १८८४ साली पांडुरंग सदाशिव खानखोजे जन्मले. पालकवाडीच्या जागी १८६६ मध्ये वसवलेले ते गाव तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. खानखोज्यांनी विशीच्या सुरुवातीला देश सोडला. जपानमार्गे ते अमेरिकेत पोहोचले, कॅलिफोर्नियात लष्करी शिक्षण घेतले, ओरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतकी शिकले आणि गदर पक्षाच्या उभारणीत पुढे राहिले. पुढची चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी बाहेरच काढली. ही हकिगत आपल्याकडे साहसकथा म्हणून सांगतात. मेक्सिकोतले मक्याचे प्रयोग आणि दिएगो रिव्हेराच्या भित्तिचित्रात भाकरी वाटणारे खानखोजे हा त्यातला ठरलेला भाग. पण खानखोजे घरी का आले नाहीत, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. माझ्या मते त्याचे उत्तर त्यांच्या स्वभावात शोधण्याचे कारण नाही. ते त्या काळच्या कायद्यात सापडते, कारण परागंदा माणसाचे परतणे हाच गुन्हा धरणारी व्यवस्था सरकारने त्यांच्या डोळ्यांदेखत उभी केली होती.

तिचा पहिला ठळक नमुना म्हणजे सावरकरांना सक्तीने परत आणण्याचे प्रकरण. मार्च १९१० मध्ये त्यांना लंडनला पकडले, तेव्हा खटला तिथेच चालला असता तर ज्यूरी मिळाली असती. पण साम्राज्यातल्या फरारी आरोपींसाठी १८८१ साली केलेला कायदा हाताशी होता, आणि त्याच्या आधारे त्यांना हिंदुस्थानात पाठवायचे ठरले. इथे १९०८ च्या कायद्याखालचे खास न्यायमंडळ त्यांची वाट पाहत होते. तीन न्यायाधीश, ज्यूरी नाही आणि अपीलही नाही. म्हणजे आरोपीला बोटीत चढवताच त्याच्या वाट्याचा न्याय बदलत होता. ८ जुलैला मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून त्यांनी उडी घेतली आणि फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवला, तरी तिथल्या शिपायाने त्यांना धरून पुन्हा ब्रिटिश पहाऱ्याच्या हवाली केले. प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी १९११ मध्ये निकाल आला : सोपवणे नियमाला धरून नव्हते, पण कैदी परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. तोवर दोन जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या. सावरकरांच्या पुढच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, हा निकाल बाहेर असलेल्या प्रत्येक क्रांतिकारकासाठी स्पष्ट इशारा होता. परक्या देशाची जमीन आणि आंतरराष्ट्रीय न्यायालय, दोन्ही एकाच प्रकरणात निरुपयोगी ठरली होती.

तरीही सावरकरांवर निदान आरोप ठेवला गेला, खटला चालला. १९१४ मध्ये तीही गरज उरली नाही. व्हँकुव्हरने परतवलेली हिंदी उतारूंची ‘कोमागाता मारू’ बोट कलकत्त्याच्या दिशेने निघाली होती. ती पोहोचण्याआधीच, सप्टेंबरच्या ५ तारखेला, हिंदुस्थानात येणाऱ्या कोणाचेही स्वातंत्र्य हिरावण्याचा अधिकार सरकारला देणारा वटहुकूम निघाला. माणसाने काय केले याची चौकशी त्यात नव्हती. तो बाहेरून आला आणि सरकारला संशय आला, एवढे पुरेसे होते. २९ सप्टेंबरला बजबज येथे उतारूंना थेट पंजाबात नेण्यासाठी खास आगगाडी उभी होती. अनेकांनी तिच्यात चढायला नकार दिला आणि ते कलकत्त्याच्या दिशेने पायी निघाले. पोलीस आणि फौजेने त्यांना परत फिरवले, गोळीबार झाला, वीसच्या आसपास माणसे मेली आणि दोनशेहून अधिक तुरुंगात गेली. त्यातले बहुतेक पोट भरायला निघालेले शेतकरी आणि मजूर होते. कॅनडाने नाकारले म्हणून ते परतले आणि परतले म्हणून संशयित ठरले. महिन्याभराने ‘तोसा मारू’ आली, तिच्यातल्या अनेक उतारूंनाही बंदरावरूनच स्थानबद्धतेत नेण्यात आले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो पोकळ नाही. महायुद्ध पेटले होते, आणि गदरचे लोक उठाव करायलाच परत येत होते. त्यांचे वृत्तपत्र ते उघड सांगत होते. सरकारने हात बांधून बसायचे होते काय? तळेगाव ढमढेऱ्याच्या विष्णु गणेश पिंगळे यांचे उदाहरण या आक्षेपाच्या बाजूने जाते. ते अमेरिकेतून नोव्हेंबर १९१४ मध्ये कलकत्त्याला उतरले, पहाऱ्यातून निसटले, मार्च १९१५ मध्ये मेरठच्या घोडदळाच्या छावणीत बॉम्बसह सापडले आणि १६ नोव्हेंबरला लाहोरला फासावर गेले. ही भीती खरी होती, हे मान्य करू. पण जाळे कोणाला पकडत होते तेही पाहू. जो सर्वांत तयारीचा तो सुटला. जे अडकले त्यांत साधे उतारू कितीतरी होते. शिवाय पिंगळ्यांना शिक्षा झाली ती छावणीतल्या कृत्याबद्दल, खटला चालवून. त्या खटल्याची रीत कशी होती हा वेगळा विषय. बंदरावर अडवलेल्यांच्या वाट्याला खटलाही आला नाही. आणि युद्ध हेच कारण होते म्हणावे, तर शांततेच्या काळात हे थांबायला हवे होते. मार्च १९३६ मध्ये व्हिएन्नातल्या ब्रिटिश वकिलातीने सुभाषचंद्र बोस यांना पत्राने कळवले, की परत गेलात तर मोकळे राहण्याची आशा धरू नका. ८ एप्रिलला मुंबईत उतरताच त्यांना अटक झाली, ती १८१८ च्या रेग्युलेशनखाली. ना आरोप, ना मुदत. पक्षाघाताने खचलेल्या मादाम कामांना नोव्हेंबर १९३५ मध्ये घरी येऊ दिले ते राजकारण न करण्याची हमी घेऊन. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या आणि पुढे नऊ महिने जगल्या. एवढ्या थकल्या बाईकडून साम्राज्याला कसली भीती होती, हे त्याच्या गृहखात्यालाच ठाऊक.

हे सगळे समोर ठेवले की खानखोज्यांचा मार्ग समजतो. पिंगळे कलकत्त्याच्या वाटेने गेले. त्याच पक्षाचे खानखोजे महायुद्धात कॉन्स्टँटिनोपलमार्गे इराणमध्ये उतरले आणि ब्रिटिश फौजांशी लढले. जखमी झाले, पकडले गेले, निसटले. त्यानंतर बर्लिन, मॉस्को आणि १९२४ पासून मेक्सिको. ते सुरक्षित बसले, प्राध्यापक झाले, संसार थाटला, मग हाल कसले, असे कोणी म्हणेल. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिविद्यालयातली नोकरी सन्मानाची होती आणि शेतकऱ्यांसाठी त्यांनी काढलेल्या मुक्त शाळा हे भरीव काम होते, यात वाद नाही. पण तुरुंगाच्या भिंती मोजून हाल ठरवायची आपली सवय इथे अपुरी पडते. कुठल्याही न्यायालयाने दोषी न ठरवता ज्याला जन्मगाव बंद झाले, त्याच्यावर अंमल झालेली शिक्षा स्थानबद्धतेचीच होती. फरक इतकाच, की त्याला बाहेर कोंडले होते. फासावर गेलेल्यांची चरित्रे आपण लिहिली आणि अंदमानातून परतलेल्यांचीही. दाराबाहेर अडकलेल्यांना मात्र ‘परदेशी स्थायिक’ या खान्यात टाकून दिले.

शेवटचा पुरावा सर्वांत अडचणीचा आहे, कारण तो इंग्रजांविरुद्ध नाही. स्वातंत्र्यानंतर खानखोज्यांनी भारतात येण्यासाठी व्हिसा मागितला, तेव्हा तो आधी नाकारला गेला. ब्रिटिश अमदानीतली बंदी कागदोपत्री तशीच होती. ही कारकुनी चूक होती आणि नंतर ती दुरुस्त झाली, असे समर्थन करता येते. दुरुस्त झाली हे खरेही आहे. पण नव्या सरकारने गोऱ्यांच्या याद्या न तपासता पुढे चालवल्या, आणि ती सवय नुसत्या फायलींपुरती नव्हती. बिनचौकशी स्थानबद्धतेची तरतूद घटनेच्या बाविसाव्या कलमात आली आणि फेब्रुवारी १९५० मध्ये, प्रजासत्ताक एक महिन्याचे असताना, तिचा कायदाही झाला. खानखोजे १९४९ मध्ये मध्य प्रांत सरकारला शेतीबाबत सल्ला द्यायला आले. ते पुन्हा मेक्सिकोला गेले, काही वर्षांनी नागपुरात येऊन राहिले आणि २२ जानेवारी १९६७ रोजी तिथेच वारले. नागपूरपासून वर्धा पाऊणशे किलोमीटर आहे.