टंचाईने शिकवलेली दुरुस्ती

मे महिन्यात कोकणातून बेळगावला परतताना आंबोली घाटात आमची फियाट हमखास बंद पडायची. बाबा शांतपणे बॉनेट उघडत आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या पंपावर ओले फडके ठेवत. उष्णतेने पेट्रोलची वाफ झाली, की पंप ते ओढू शकत नाही. पंप निवला की गाडी पुन्हा सुरू. गाडी १९७८ची, बाबांनी १९८९ साली जुनीच घेतलेली. महिन्याच्या पगारात मेकॅनिकचा खर्च बसत नसे. म्हणून रविवारी प्लग पॉलिश पेपरने घासणे, पॉइंट साफ करणे, फॅनबेल्ट दाबून बघणे ही कामे घरीच. आम्ही भावंडे पाने पुढे करत असू.

ही आमच्याच घरची काटकसर, असे तेव्हा वाटे. त्यामागे देशाचा इतिहास होता, हे डिप्लोमा करताना उमगले.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात पन्नासच्या दशकात फियाट ११०० तयार होऊ लागली. त्याच दशकात सरकारी धोरण बदलले आणि फोर्ड, जनरल मोटर्स यांनी इथला गाशा गुंडाळला. पुढची तीसेक वर्षे बाजार मुख्यतः हिंदुस्थान मोटर्स, प्रीमिअर आणि मद्रासची स्टँडर्ड या तिघांचाच. मोटार म्हणजे चैन, असे सरकारचे मत. किती गाड्या बनवायच्या ते परवान्यावर ठरे आणि गिऱ्हाईक नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाही. म्हणून जुनी गाडी टिकवणे भाग होते.

ती टिकवता आली, कारण गाडी फारशी बदललीच नाही. सत्तरच्या दशकात नाव 'पद्मिनी' झाले, तरी इंजिन तेच, १०८९ सीसीचे. जुन्या गाडीचा भाग नव्या गाडीला चाले. नाहीच मिळाला, तर उद्यमबागेत लेथवर बुश करून मिळे. ब्रेक आणि स्टिअरिंगला मात्र बाबा कधी हात लावत नसत. तिथे पैसे वाचवायचे नसतात, असे ते म्हणत.

१९८३ साली मारुती आली. २०००च्या सुमारास पद्मिनीचे उत्पादन थांबले. २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेली.

आमची गाडी अजून अंगणात आहे. २०२२ साली पंधरा वर्षांवरील गाडीच्या फेरनोंदणीचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले, तेव्हापासून भाऊ म्हणतो, "दादा, आता मोडीत काढू या." त्याचा हिशेब चुकीचा नाही. आम्ही एवढेच म्हटले, की आधी पुतण्याला पॉइंट साफ करायला शिकवू दे. गाडी आज ना उद्या जाईलच. बाबांनी हातांना लावलेले वळण घरात राहावे.