गोळ्यांची पिशवी आणि ती शिवणारे हात

इतिहासाच्या पुस्तकांत बंदुका भरपूर आहेत. अकबर बादशहाच्या आवडत्या बंदुकीचे नाव ‘संग्राम’ होते, हे अबुल फज़लने ‘आईन-ए-अकबरी’त लिहून ठेवले आहे. बंदुकीची नळी कशी घडवायची, ती साफ कशी करायची, हेही त्यात आहे. पण ती बंदूक भरण्याचे सामान शिपाई कशात घेऊन फिरत असे, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. त्याचे उत्तर साधे आहे: बहुतेक सामान कातड्यात असे.

आपल्याकडची जुनी बंदूक म्हणजे तोड्याची बंदूक. ती तोंडाकडून भरावी लागे. आधी नळीत मोजून दारू ओतायची, मग शिशाची गोळी टाकायची, वरून बोळा दाबायचा आणि गजाने ठासायचे. मग नळीच्या कानाजवळच्या वाटीत बारीक दारू, म्हणजे रंजक, घालायचे. शेवटी जळता तोडा त्या रंजकावर टेकला की बार उडे. एका बाराला एवढी कामे. त्यासाठी कमरेला दारूचे शिंगडे किंवा कुप्पी, रंजकासाठी वेगळी लहान कुप्पी, तोड्याचे वेटोळे आणि गोळ्यांची पिशवी असा संसार बांधलेला असे.

यात गोळ्यांची पिशवी सर्वांत साधी आणि सर्वांत खासगी. त्या काळच्या बंदुका एका मापाच्या नसत. प्रत्येक नळीचे भोक थोडे वेगळे, म्हणून प्रत्येकाच्या गोळीचे माप वेगळे. शेजाऱ्याच्या पिशवीतली गोळी आपल्या नळीत बसेलच असे नाही. मोठी निघाली तर अर्ध्यात अडकणार, लहान निघाली तर नेम चुकणार. ग्रँट डफने लिहिले आहे की शिवाजी महाराजांच्या पायदळातले मावळे आणि हेटकरी आपापली हत्यारे घेऊन येत, दारूगोळा तेवढा सरकारातून मिळे. म्हणजे दारूगोळा सरकारचा, बंदूक मात्र ज्याची त्याची.

पिशवी कातड्याचीच का? शिसे जड असते. शे-पन्नास गोळ्या कापडी पिशवीत घालून डोंगर चढला तर कापड फाटणार. कातडे झिजते, पण सहजासहजी फाटत नाही, आणि तोड्याची ठिणगी पडली तरी कापडासारखे पेट घेत नाही.

इथे मराठीतला एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. कच्चे कातडे वेगळे आणि कमावलेले कातडे वेगळे. कच्चे कातडे ओले असताना हवे तसे वळते आणि वाळले की लाकडासारखे टणक होते. पुन्हा भिजले की मऊ पडते. आवळून बांधायला ते उत्तम. टिपू सुलतानच्या अग्निबाणांत लोखंडी नळी बांबूला बांधली जाई ती कातड्याच्या वाद्यांनी. कमावलेले कातडे मात्र मऊ राहते आणि लवकर कुजत नाही. आपल्याकडे ढोर समाजाचे कारागीर बाभळीची साल, तरवड आणि हिरडा यांच्या पाण्यात ते कमावत. कातडे पिशवीसारखे शिवून तिकाटण्याला टांगायचे आणि आत सालीचे पाणी भरायचे. ते पाणी कातड्यातून झिरपत राही, झिरपलेले पुन्हा वर ओतायचे. असे कित्येक दिवस. मग ते कातडे चांभाराकडे किंवा मोच्याकडे जाई. वर्गात ‘कमावणे’ या क्रियापदाचे अर्थ सांगताना मी हा अर्थही सांगतो. पैसा कमावतात, शरीर कमावतात, आवाज कमावतात आणि कातडेही कमावतात. चारही ठिकाणी मुरवण्याची मेहनत आहे.

दारूच्या कुप्प्यांची गोष्ट आणखी वेगळी. राजस्थानात बिकानेरला उंटाच्या कातड्याच्या कुप्प्या होत. मातीचा साचा करून त्यावर ओले कातडे ओढायचे, वाळू द्यायचे आणि मग आतली माती काढून टाकायची. कातड्याची पोकळ कुप्पी उरते. हे काम दबगरांचे. तेल-तुपाचे बुधले आपल्या आजोबांनी पाहिलेले असतील, त्याच जातीची ही वस्तू. त्यावर सोनेरी नक्षी चढवणारे ते उस्ता, मुसलमान कारागीर. त्यांच्यातल्या हिसामुद्दीन उस्तांना 1986 साली पद्मश्री मिळाली आणि 2023 मध्ये बिकानेरच्या उस्ता कलेला भौगोलिक मानांकनही मिळाले. आनंद आहे. पण सोने चढवणाऱ्याचे नाव राहिले, कातडे ओढणाऱ्या दबगराचे राहिले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

पुढे कागदी काडतूस आले. मोजलेली दारू आणि गोळी एकाच कागदात गुंडाळलेली. बंदुका एका मापाच्या झाल्या, गोळ्याही एका मापाच्या. प्रत्येकाची स्वतःची पिशवी संपली आणि कंपनी सरकारची कातडी पेटी शिपायाच्या अंगावर आली. तिला फौजी बोलीत ‘तोसदान’ म्हणत. मूळ शब्द तोशादान. तोशा म्हणजे प्रवासाची शिदोरी. आपण तोशा-ए-आख़िरत म्हणतो, तोच तोशा. भाकरीच्या पिशवीचे नाव गोळ्यांच्या पेटीला मिळाले.

आता खरा प्रश्न. कंपनीचा शिपाई, ब्राह्मण असो, राजपूत असो की पठाण, कातड्याचे पट्टे आणि कातड्याची पेटी रोज अंगावर वागवत होता. त्यावरून बंड झाले नाही. 1806 साली मद्रास फौजेत नवी टोपी आली. तिच्यावर कातड्याचा तुरा होता. तो गाईचा की डुकराचा, अशी कुजबुज सुरू झाली. जोडीला कपाळावरचे गंध आणि दाढी यांवरही हुकूम निघाले होते. 10 जुलैला वेल्लोरच्या किल्ल्यात उठाव झाला आणि त्यात शेकडो माणसे मेली. मग 1857. एनफिल्ड रायफलचे चरबी लावलेले काडतूस दातांनी तोडायचे होते. 24 एप्रिलला मीरतला कवायतीत 90 पैकी 85 स्वारांनी काडतूस घ्यायला नकार दिला. त्या दिवशीची काडतुसे जुनीच होती आणि हाताने तोडायची मुभाही होती, पण विश्वास उडाला होता. त्यांत हिंदूही होते, मुसलमानही होते. 9 मे रोजी सर्वांसमोर त्यांच्या पायांत बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी मीरत पेटले.

म्हणजे कातडे खांद्यावर चालले, डोक्यावर चालले नाही, आणि चरबी तोंडात तर नाहीच नाही. यात धर्म होता, अपमान होता, परक्या सरकारचा संशय होता. शिपायांचा राग खराच होता, तो मी कमी लेखत नाही. पण त्याच खांद्यावरची पेटी ज्याने शिवली, त्याला त्या शिपायांपैकी अनेकांनी आपल्या दारात उभे केले नसते. वस्तू चालत होती, माणूस चालत नव्हता.

आपण मुसलमान या बाबतीत वेगळे आहोत का? शिकवणुकीत आहोत. सहीह मुस्लिममधली हदीस अनेकांना माहीत असेल. एक मेलेली बकरी टाकून दिलेली पाहून रसूलुल्लाह (स.) यांनी विचारले होते की तिचे कातडे कमावून उपयोगात का आणले नाही. दबाग़त केली की कातडे पाक होते. हनफी असोत की कोकणातले शाफई, डुकराच्या कातड्यासारखे अपवाद सोडले तर ही सवलत दोघांनाही आहे. वक्फवर मोठा ग्रंथ लिहिणारे 9व्या शतकातले हनफी फ़क़ीह इमाम ख़स्साफ़ हे जोडे शिवून पोट भरत. त्यांच्या नावाचा अर्थच मोची.

पण त्याच फ़िक़्हच्या किताबांत निकाहसाठी कुफू, म्हणजे बरोबरीचे स्थळ, पाहताना कातडे कमावणाऱ्याचा धंदा हलक्यात मोजलेला आढळतो. आणि आपल्या मोहल्ल्यांत आजही स्थळ बघताना बिरादरी आधी विचारली जाते. कातडे पाक, कमावणारा मात्र हलका, हा हिशेब आपणही मांडला आहे. दुसऱ्याच्या अस्पृश्यतेवर बोलताना हे विसरू नये.

ही गोष्ट जुनी झाली असती तर बरे झाले असते. 2015 साली महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. कायद्याच्या बाजूने आणि विरुद्ध बरेच बोलले गेले. पण खाटीक, ढोर, चांभार या साखळीचे काय होणार, हा प्रश्न बोलणाऱ्यांत मागेच राहिला. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळाले, पण तिच्यासाठी लागणारे कातडे आता कुठून आणायचे, ही त्या कारागिरांची तक्रार आहे. 2016 मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून मारले. चपलेचे कौतुक करणारे आपण आणि कातड्याला हात लावणाऱ्याला मारणारे ते, एकाच समाजात राहतो.

वस्तुसंग्रहालयात जुन्या बंदुकांच्या कपाटात कधी कधी खालच्या फळीवर दारूची कुप्पी किंवा एखादी काळी पडलेली पिशवी असते. बंदुकीखाली राजाचे नाव असते, पिशवीखाली फक्त ‘चामडे’. मुलांना घेऊन गेलात तर तिथे दोन मिनिटे थांबा. हे चामडे कोणी कमावले असेल, कोणी शिवले असेल, एवढे विचारा. नाव सापडणार नाही. पण ज्याचे नाव नाही तोही इतिहासात होता, हे मुलांच्या लक्षात राहील.