जयपूरचा वारा

इ. स. १७२७ च्या नोव्हेंबर महिन्यात सवाई जयसिंहाने आमेरच्या दक्षिणेस असलेल्या मैदानात नव्या राजधानीचा पाया घातला. आमेरची दरी अरुंद. वाढत्या वस्तीला तेथे जागाही पुरेना आणि पाणीही पुरेना. नव्या स्थळाच्या उत्तरेस व पूर्वेस अरवलीच्या टेकड्या होत्या. दक्षिण आणि पश्चिम दिशा मोकळ्या होत्या. डोंगराने पाठ राखावी आणि मैदानाने व्यापार आणावा, असा हा हिशेब होता. विद्याधर भट्टाचार्यांच्या साहाय्याने आखलेले जयपूरचे चौकोनी विभाग आणि प्रशस्त राजमार्ग आजही त्याची साक्ष देतात. परंतु याच भूरचनेने आणखी एका गोष्टीचा निकाल लावून ठेवला. नगरवासीयांनी वर्षाच्या कोणत्या महिन्यात कसल्या हवेत श्वास घ्यावा, हेही तिनेच ठरविले.

अरवलीची रांग नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे जाते. अरबी समुद्रावरून येणारे पावसाळी वारे बहुतांशी तिला समांतर वाहतात. म्हणून सह्याद्रीप्रमाणे ती त्यांना अडवून पाऊस पाडू शकत नाही. जयपुरास वर्षाकाठी सुमारे ६० सेंटिमीटर पाऊस मिळतो, आणि त्यातला बहुतांश जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत. उरलेले वर्ष जमीन कोरडी असते. रांगेच्या पश्चिमेस थरचे वाळवंट पसरलेले आहे. ही रांग अखंड भिंतीसारखी नाही; तिच्यात जागोजागी खिंडारे आहेत.

वैशाख-ज्येष्ठात भूमी तापली की पश्चिमेकडून लू वाहू लागते, आणि एखाद्या दुपारी क्षितिजावर धुळीचा पिवळा पडदा उभा राहतो. ही आंधी. तिचे रूप कधी कधी किती भीषण होते, हे २ मे २०१८ च्या रात्री दिसले. त्या वादळात राजस्थान व उत्तर प्रदेश मिळून शंभरांहून अधिक माणसे दगावली. तथापि उन्हाळ्याच्या हवेत एक गुणही असतो. तापलेल्या भूमीवरील हवा उंच चढते आणि चुलींचा, भट्ट्यांचा, वाहनांचा धूर आपल्याबरोबर दूरवर विखरून टाकते. धूळ डोळ्यांत जाते. धूर मात्र साठून राहत नाही.

वाऱ्याचे हे महत्त्व जुन्या जयपुराने ओळखले होते. १७९९ मध्ये सवाई प्रतापसिंहाने बांधलेल्या हवामहालाच्या ९५३ झरोक्यांतून वाऱ्याला आत येण्यास वाट करून दिलेली आहे. जयसिंहाच्या वेधशाळेत दर आषाढी पौर्णिमेच्या सायंकाळी ज्योतिषी सुमारे २७ मीटर उंचीच्या सम्राट यंत्रावर चढतात आणि ध्वज फडकवून वाऱ्याची दिशा पाहतात. तीवरून पावसाचे भविष्य वर्तविण्याची तेथे परंपरा आहे. याच जयसिंहाच्या आश्रयास महाराष्ट्रीय पंडित जगन्नाथ सम्राट होते. टॉलेमी आणि युक्लिड यांचे ग्रंथ त्यांनी अरबीवरून संस्कृतात आणले.

पाऊस आला की हवा धुऊन निघते. श्रावण-भाद्रपद हे जयपूरच्या श्वासाचे सर्वांत निर्मळ महिने. परंतु मोसमी वारे परतले, आश्विन-कार्तिक उजाडला, की चित्र पालटते. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते आणि तिच्यालगतची हवा थंड व जड होते. टेकड्यांच्या उतारांवरूनही गार हवा खाली ओघळून वस्तीवर स्थिरावते. तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते, आणि खालचा धूर त्या झाकणाखाली कोंडतो. उन्हाळ्यात हजारो मीटर उंच असणारे हवेचे छत पौष महिन्याच्या पहाटे काहीशे मीटरांवर येते. धुराडी तितकीच असली तरी त्याच धुराला मिळणारी जागा अत्यल्प होते. उन्हाळ्यातील धुळीचे कण पुष्कळसे जाड, म्हणून नाकातोंडातच अडतात. धुरातील सूक्ष्म कण फुप्फुसांच्या तळापर्यंत जातात. डोळ्यांना न खुपणारा हिवाळाच म्हणून अधिक घातक ठरतो.

अठराव्या शतकातील नगराला हा कोंडमारा सोसवत होता, कारण त्याचा धूर थोडा होता. पुढे नगर तटाबाहेर चहूकडे वाढले. वाहने आणि कारखाने आले. २०१९ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम आरंभिला, तेव्हा हवेचे मानक न पाळणाऱ्या शहरांच्या यादीत जयपूर होते. त्याच्या जोडीला जोधपूर, उदयपूर, कोटा आणि अलवरही होती. दुसरीकडे दगडासाठी अरवली पोखरली जात होती. राजस्थानात पाहणी केलेल्या १२८ टेकड्यांपैकी ३१ नाहीशा झाल्याचे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले. जेथे टेकडी गेली, तेथे वाळूला आणखी एक वाट मिळाली.

ऋतू बदलणे राजाच्याही हाती नव्हते आणि शासनाच्याही नाही. झाकण केव्हा बसणार हे पंचांगासारखे ठाऊक असताना त्याखाली किती धूर सोडावा, आणि आंधीच्या वाटेवरील कोणती टेकडी राखावी, एवढे मात्र माणसाच्या हाती आहे. स्थळ निवडताना जयसिंहाने डोंगराची किंमत जाणली होती. त्याच्या नगरीने ती विसरणे परवडणारे नाही.