‘प्रिझमॅटिक’ शब्दाची कुळकथा

‘प्रिझमॅटिक’ हें इंग्रजी विशेषण ऐकतांच इंद्रधनुष्याचे रंग डोळ्यांपुढें उभे राहतात. परंतु त्याच्या मुळाशीं रंगाचा लवलेशहि नाहीं. ग्रीक भाषेंत ‘प्रिझ्मा’ म्हणजे करवतीनें कापलेली वस्तु. इसवी सनापूर्वीं ३०० च्या सुमारास युक्लिडनें भूमितींतील एका घनाकृतीसाठीं हा शब्द योजिला.

पुढें त्या आकाराच्या कांचेंतून, म्हणजे लोलकांतून, रंग उमटतात हें युरोपांत सर्वश्रुत झालें. मात्र कांचच शुभ्र प्रकाशास विकृत करून रंग उत्पन्न करिते, असें अनेक विद्वान् मानीत. हा समज न्यूटननें मोडिला. लोलकानें पसरलेल्या रंगांपैकीं एकच निवडून त्यानें तो दुसऱ्या लोलकांतून नेला. किरण वळला, पण रंग बदलला नाहीं. रंग प्रकाशांतच असतात, लोलक ते केवळ विलग करितो, हा निष्कर्ष १६७२ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. त्यानंतर आकारवाचक शब्दास रंगाचा अर्थ जडला.

मराठी ‘लोलक’ शब्दाचीहि हीच गत. संस्कृत ‘लोल’ म्हणजे झुलणारा. झुंबरास लोंबणाऱ्या कांचेसहि लोलकच म्हणतात. एका शब्दांत करवत, दुसऱ्यांत झोका. रंग मात्र दोहोंसहि मागाहूनच लाभला.