मुठीचा मार आणि डोक्यावरचा टोप

मुष्टियुद्ध शिकू लागलेला मुलगा घरी पहिल्यांदा मागतो ते हातमोजे. आणि आईवडील कबूल होतात ते बहुधा एका अटीवर, की आधी डोक्याला टोप घे, मग काय ठोसे मारायचे ते मार. तुम्हीही त्यांच्या जागी असतात तर हेच म्हटलं असतंत. टोप आला की डोकं सुरक्षित झालं, असं आपण गृहीतच धरतो. पण डोकं म्हणजे काय काय? कान आहेत, भुवईवरची कातडी आहे, गालाचं हाड आहे, आणि या सगळ्यांच्या आत मेंदू आहे. टोप यांतलं नेमकं काय राखतो, हा प्रश्न माणसानं फार उशिरा विचारला. त्या उशिराचीच ही हकीकत आहे.

सुरुवात ग्रीसपासून करू. तिथले मुष्टियोद्धे हाताला चामड्याच्या वाद्या गुंडाळून लढत. सरावात मात्र वाद्यांच्या जागी ते ‘स्फैराइ’ नावाचं गुबगुबीत आवरण चढवीत. प्लेटोनं आपल्या ‘लॉज’ या संवादात, सैनिकांच्या कवायतीविषयी लिहिताना, त्याचा दाखला दिला आहे. ठोसा मारणं आणि चुकवणं शिकणाऱ्याला मनसोक्त घोटता यावं, ही त्यामागची युक्ती. आपल्याकडच्या फरी-गदक्याची आठवण होते ना? तिथंही तलवारीच्या जागी चामड्यानं मढवलेली काठी घेतात. दोन्हीकडे हत्यार मऊ केलं आहे, डोकं झाकलेलं नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे ती कामी येईल.

कानांसाठी मात्र ग्रीकांनी खास कानपट्ट्या केल्या होत्या. त्यांना ‘आम्फोटिडेस’ म्हणत. प्लेटोच्या परंपरेतला तत्त्वज्ञ झेनोक्रेटीस म्हणे की, या पट्ट्या मल्लांपेक्षा लहान मुलांना बांधा. मल्लांचे फार तर कान बिघडतात, पण वाईट बोलणं ऐकून मुलांचे स्वभाव बिघडतात. ही गोष्ट प्लुटार्कनं नोंदवून ठेवली आहे. तत्त्वज्ञाचा टोमणा आपल्याला इथं पुराव्याच्या कामाचा आहे. कान मोडणं ही त्या काळी सर्वांना ठाऊक असलेली बाब होती, हे त्यावरून कळतं. रोममध्ये १८८५ साली ब्राँझचा एक बसलेला मुष्टियोद्धा उत्खननात सापडला. त्याचे सुजून गोळा झालेले कान पाहिले की शंका उरत नाही. चेहऱ्यावरच्या जखमा आणि रक्त शिल्पकारानं तांबं बसवून दाखवलं आहे. कोल्हापूरच्या तालमीतला जुना पैलवान त्याला पाहताच आपला जातभाई म्हणून ओळखील, कारण असे कान तिथं अभिमानानं मिरवतात.

आता एकदम इंग्लंडात येऊ. जॅक ब्रॉटन या लंडनच्या मुष्टियोद्ध्यानं १७४३ साली या खेळाचे पहिले लेखी नियम केले. १७४७ मध्ये उमरावांच्या मुलांना शिकवण्यासाठी त्यानं शिकवणी काढली, आणि तिच्या जाहिरातीत मऊ मोज्यांची हमी दिली: डोळे काळेनिळे होणार नाहीत, जबडा मोडणार नाही, नाकातून रक्त येणार नाही. पाहा, हमी चेहऱ्याची होती! संध्याकाळी मेजवानीला जाणाऱ्या मुलाची दुसरी कसली काळजी असणार? खऱ्या लढती मात्र उघड्या मुठीनंच चालू राहिल्या. पुढे १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी लढतीतही मोजे आणले, आणि १८९२ साली न्यू ऑर्लिन्सला कॉर्बेटनं सलिव्हनला हरवलं तेव्हा जगज्जेतेपदाच्या लढतीतही ते स्थिरावले. लोकांना वाटलं, खेळ सभ्य झाला. पण उघड्या मुठीनं कवटीवर मारलं तर आधी आपलीच बोटं मोडतात. त्या भीतीपोटी जुना मुष्टियोद्धा डोक्यावर बेतानंच मारी. मोजा आला आणि ती भीती गेली. माझ्या मते या खेळाच्या इतिहासातला सगळ्यांत महागडा सोय-सुधार हाच.

विसाव्या शतकात सरावाच्या झुंजीत, ज्याला मुष्टियोद्धे स्पारिंग म्हणतात, चामड्याचा गादीदार टोप रुळला. त्याचं कारण रोकडं होतं. लढतीच्या आधी भुवई फुटली तर लढत जाते आणि तिच्याबरोबर पैसेही जातात. १९७४ साली झाईरमध्ये जॉर्ज फोरमन आणि महंमद अली यांची लढत २५ सप्टेंबरला ठरली होती. सरावात फोरमनच्या डोळ्यावर जखम झाली आणि ती ३० ऑक्टोबरपर्यंत लांबली. एका इंचाच्या कातडीनं सारं जग पाच आठवडे ताटकळत ठेवलं!

मेंदूचं काय? अमेरिकेतल्या नेवार्कचे डॉक्टर हॅरिसन मार्टलंड यांनी १९२८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. मार खाऊन खाऊन झोकांड्या देणाऱ्या, जीभ जड झालेल्या मुष्टियोद्ध्यांना रिंगणातले लोक ‘पंच ड्रंक’, म्हणजे ठोशांनी झिंगलेला, म्हणत. तेच नाव डॉक्टरांनी निबंधाला दिलं. त्यात त्यांनी एक गोष्ट नोंदवली, जिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. हा आजार दुय्यम दर्जाच्या, मोठ्या खेळाडूंच्या सरावासाठी ठेवलेल्या लढवय्यांत नेहमी आढळतो. दिवसातून अनेकदा ते खाली पाडले जातात. म्हणजे ज्यांचं नाव कोणत्याही जाहिरातीवर झळकत नाही, टाळ्या मिळत नाहीत, ते! लढती वर्षातून मोजक्या, सराव रोजचा. हिशेब मांडायचा तर तो सरावाच्या खोलीतच मांडायला हवा.

मग टोपानं तो मेंदू का राखू नये? याचं उत्तर ऑक्सफर्डचे पदार्थवैज्ञानिक होलबॉर्न यांनी १९४३ साली सुचवलं. जिलेटिनचा मेंदू करून त्यांनी प्रयोग केले आणि दाखवलं की खरा घात डोकं गर्रकन फिरण्यानं होतो. दह्याचं मडकं हातात धरून झटकन वळवा. मडकं वळतं, दही मागे राहतं, आणि कवडी मोडते. मडक्याला बाहेरून कितीही घोंगडी गुंडाळा, आतलं दही मोडायचं ते मोडतंच. हनुवटीवर बाजूनं बसलेला ठोसा नेमकं हेच करतो. त्याच सुमारास ऑक्सफर्डचेच शल्यविशारद ह्यू केर्न्झ मोटारसायकलस्वारांसाठी शिरस्त्राणाचा आग्रह धरीत होते, आणि त्यांचंही बरोबरच होतं. रस्त्यावर कवटी फुटते आणि कठीण टोप ती वाचवतो. तो टोप एका अपघातासाठी असतो. मुष्टियोद्ध्याच्या टोपाला मात्र एका संध्याकाळी शंभर तडाखे सोसायचे असतात.

नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाचा किम डक-कू मरण पावला आणि सर्वत्र गहजब झाला. त्याच वातावरणात, १९८४ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकपासून, हौशी मुष्टियोद्ध्यांना टोप सक्तीचा झाला. २००८ चा विजेंदर सिंग, २०१२ ची मेरी कोम, दोघांनी कांस्यपदकं मिळवली ती टोप घालूनच. आणि मग २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेनं वरिष्ठ पुरुषांच्या डोक्यावरून तो काढून टाकला! संघटनेच्या वैद्यकीय समितीचा आकडा असा: टोपासह झालेल्या ७,३५२ फेऱ्यांत मेंदूला धक्का बसण्याचं प्रमाण ०.३८ टक्के, टोपाविना ७,५४५ फेऱ्यांत ०.१७ टक्के. कारणं सांगितली गेली ती अशी की टोपानं डोकं मोठं लक्ष्य होतं, बाजूचं दिसत नाही, आणि अंगात नको तेवढा धीर येतो. महिला आणि मुलं यांच्यासाठी तो कायम राहिला. म्हणूनच २०२१ मध्ये टोकियोत लव्हलिना बोर्गोहाईं टोपात दिसली आणि पुरुष उघड्या डोक्यानं.

हा आकडा मी डोळे मिटून स्वीकारत नाही. दोन्हीकडचे सामने आणि खेळाडू सारखेच होते का, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय २०१५ साली ऑस्ट्रेलियात यंत्रानं ठोसे मारून पाहिलं, तेव्हा टोपामुळे डोक्याला बसणारा हिसका कमी झालेलाच आढळला. आणि टोप निघाल्यावर चेहऱ्यावरच्या जखमा कित्येक पटींनी वाढल्या. तेव्हा टोप निरुपयोगी, असं कुणी समजू नये. कातडी, कान आणि डोक्याची आपटाआपट यांवर तो भरवशाचा आहे; हनुवटीवरच्या ठोशापुरता मात्र त्याचा भरवसा धरू नका.

म्हणून दुकानात गेलात तर गादीची जाडी चिमटीत धरून खूश होऊ नका. टोप मुलाच्या डोक्यावर बसवा, हनुवटीखालचा पट्टा आवळा आणि हातानं तो फिरवून पाहा. डोळ्यावर सरकला तर परत द्या. सरकलेला टोप पुढचा ठोसा झाकतो. नजर समोर ठेवायला सांगून बाजूनं आणि खालून हात आणा. दिसला पाहिजे. गालावर जाड गादी असली तर खालून येणारा ठोसा दिसत नाही, आणि नाकापुढे आडवी दांडी असलेला टोप नाक वाचवतो, पण मानेवर भार टाकतो. नवशिक्याला उघड्या तोंडाचा, हलका टोप बरा. घामानं गादी कडक झाली, भेगा पडल्या, की तो बदलायचा.

आणि टोपाइतकेच समोरच्याचे हातमोजे पाहा. सरावाला सोळा औंसांचे, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅमचे मोजे घालण्याची रीत आहे. प्लेटोच्या काळची तीच युक्ती. मग वस्तादांना गाठा आणि विचारा: आठवड्यातून डोक्यावर मार घेण्याच्या फेऱ्या किती, फक्त अंगावर मारायच्या किती, आणि ठोसा लागून पोरगं क्षणभर जरी गोंधळलं, तर त्या दिवशी त्याला खाली उतरवता की पाणी पाजून पुन्हा उभं करता?