खाली दुकान, वर बिऱ्हाड

शहापूरच्या पेठेतलं आमचं घर आजोबांनी बांधलं. खाली किराणा, वर बिऱ्हाड. गावठाणातली जागा, त्यामुळे बिनशेतीची भानगड नव्हती. ग्रामपंचायतीची परवानगी हातात पडली की गवंडी कामाला लागे. गाड्या कुठे लावणार, हे कुणी विचारलंच नाही. भाताच्या बैलगाड्या ओट्यासमोर सुटत. जू जमिनीला टेकवून बैल चाकाला बांधत आणि पुढ्यात पेंढा टाकत. 

२०१५ साली शहापुरात नगरपंचायत आली आणि डिसेंबर २०२० मध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली. आता घर पाडून नवं बांधायचं, तर नकाशात मोटारीसाठी अडीच बाय पाच मीटरची जागा दाखवावी लागते. आमच्या चिंचोळ्या जागेत ती काढली, तर दर्शनी दुकानच जातं. नियमामागचं कारण मला पटतं. बाजाराच्या दिवशी रुग्णवाहिकासुद्धा अडकते. पण जुन्या पेठेत घराघराच्या पोटात वाहनतळ मागण्यापेक्षा बाजाराच्या कडेला एक सार्वजनिक गाडीतळ करा. त्यासाठी आम्ही दुकानदार वर्गणी द्यायला तयार आहोत.