पक्षाघात : लक्षणांची ओळख

पक्षाघात (अर्धांगवायू, लकवा) : मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटल्याने किंवा तिथली रक्तवाहिनी फुटल्याने होणारा विकार. मराठवाड्यात ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात तो हाच. बहुतेक झटके गुठळीमुळे येतात, बाकीचे रक्तस्रावामुळे. त्यांतला कोणता, हे सीटी स्कॅनशिवाय खात्रीने सांगता येत नाही.

लक्षणे एकाएकी सुरू होतात. हसायला सांगितले की तोंड वाकडे होते. दोन्ही हात समोर धरायला लावले की एक आपोआप खाली येतो. जीभ जड होते किंवा सोपा शब्दही सुचत नाही. काहींचा तोल जातो, काहींना एका बाजूचे दिसेनासे होते. गुठळीच्या झटक्यात बहुधा काही दुखत नाही आणि घात तिथेच होतो. छातीत कळ आली तर घर धावते. हात लुळा पडला तर ‘जरा पडू द्या, बरं वाटेल’ म्हणत दुपार जाते. काही मिनिटांत सारे पूर्ववत झाले, तरी त्यानंतरच्या दोन दिवसांत मोठ्या झटक्याचा धोका सर्वाधिक असतो.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन सामान्यतः साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ही वेळ रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला झोपलेला माणूस पहाटे पाचला लुळा आढळला, तर हिशेब दहापासूनचा. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळीवाटे काढण्याचा उपचार निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत होतो.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, म्हणजेच ‘घाटी’ (स्थापना १९५६), येथे जालना, बीड, परभणीकडूनही रुग्ण येतात. जालना सुमारे साठ किलोमीटर, बीड सव्वाशेच्या आसपास. साडेचारातले दोन-अडीच तास रस्त्यातच जाऊ शकतात. म्हणून रुग्णवाहिकेच्या १०८ क्रमांकावर (राज्यात २०१४पासून) फोन करतानाच सीटी स्कॅनची सोय असलेले जवळचे रुग्णालय विचारावे.

तेल चोळणे, गावठी औषध पाजणे यांत वेळ जातो. शिवाय गिळता येत नसेल तर पाणीही श्वासनलिकेत उतरते. अ‍ॅस्पिरिन किंवा रक्तदाबाची जादा गोळी घरी देऊ नये. रोजच्या गोळ्यांची पाकिटे मात्र सोबत न्यावीत : रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर इंजेक्शनचा निर्णय बदलू शकतो.